हसला नाही तर विजय रद्द

वहीतला पहिला नियम असा होता: पटावर बसलं की अरे-तुरे, पटावरून उठलं की अहो-जाहो. हा नियम दोन्ही साडूंच्या बायकांनी घातला होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे दोघे साडू एकमेकांना पाण्यात पाहायचे, आणि तेसुद्धा इतक्या अदबीनं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. "आपण मूर्ख आहात असं मी म्हणत नाही," असं थोरला म्हणायचा. "म्हणा ना, आपलंच घर आहे," असं धाकटा म्हणायचा. शेवटी दोघी बहिणींनी एका जुन्या दाराची फळी चार स्टुलांवर टाकून लढाईच्या खेळाचा पट केला आणि सांगितलं, काय भांडायचं ते दर रविवारी इथे भांडा, जेवताना नको.

त्याला बावीस वर्षं झाली.

थोरला साडू वजनमापे निरीक्षक, आता निवृत्त. नोकरीची सगळी वर्षं त्यानं तराजूच्या पारड्याखाली बोटं फिरवण्यात घालवली. चिकटवलेलं मेण, शिशाचा तुकडा, पोखरलेलं वजन, काही त्याच्या हातातून सुटायचं नाही. धाकटा दातवाला. म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर मापं पाठवतात, त्यावरून हा कवळ्या करतो. फौजा त्यानंच घडवल्या होत्या, कवळीच्या प्लास्टरच्या, बोटाच्या पेराएवढ्या. निळे चाळीस निरीक्षकाचे, तांबडे चाळीस त्याचे स्वतःचे, प्रत्येक जण लाकडी चकतीवर उभा. पण धंद्याची सवय कुठे जाते? दोन्हीकडचा प्रत्येक शिपाई पांढरेशुभ्र दात दाखवत उभा होता. घोडेसुद्धा. "हे लढायला निघालेत की फोटो काढायला?" असं निरीक्षकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

नियमांची वही निरीक्षकाच्या अक्षरात होती. अंतर फक्त सरकारी शिक्का असलेल्या पट्टीनंच मोजायचं. पटावर चहा सांडला तर तो डाव संपेपर्यंत नदी समजावा. समोरचा सेनापती संडासात असताना हल्ला करू नये, मात्र तो वर्तमानपत्र घेऊन गेला असल्यास करावा. चौथा नियम सगळ्यात कडक होता: आपल्या हातानं पडला तो मेला, मांजर, पंखा किंवा बायको यांनी पाडलेला फक्त जखमी. अकरावा असा की जिंकण्यासाठी लबाडी केल्यास दहा शिपाई जप्त. आणि शेवटच्या पानावर, दातवाल्यानं हट्टानं घालायला लावलेला: हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याची फौज पुसून डब्यात भरावी, जिंकणाऱ्यानं मदत करू नये, हात बांधून बसावं आणि एकदा तरी हसावं, हसला नाही तर विजय रद्द.

चौथा नियम निरीक्षकाचाच, आणि तोच त्याच्या मुळावर आला. दीड वर्षापूर्वी त्याचा उजवा हात कापायला लागला, मग डावा. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. डॉक्टर आता "बघू या" म्हणायचेही बंद झाले होते. निळ्या फौजेला तांबड्यांची गरजच उरली नाही. निरीक्षक एक शिपाई पुढे सरकवायला जायचा आणि शेजारचे तीन आडवे व्हायचे. दातवाला म्हणायचा, "अरे, पंखा लागला." निरीक्षक म्हणायचा, "पंखा बंद आहे. तीन मेले. लिही."

मागच्या रविवारी तो म्हणाला, "पुढच्या वेळी हरलो तर पट बंद. कायमचा. वहीत लिहून ठेव, माझ्याच्यानं लिहवत नाही."

दातवाल्यानं लिहिलं.

थोरलीनं, म्हणजे निरीक्षकाच्या बायकोनं, त्याला जिन्यात गाठलं. "भाऊजी, काहीतरी करा. ते आता फक्त रविवारीच दाढी करून घेतात. बाकी सहा दिवस भिंतीकडे बघत बसतात. तुम्ही येणार म्हटलं की शर्ट मागतात. हे बंद झालं ना, तर मी काय करू, सांगा."

दातवाल्यानं वर जाऊन निळ्यांचा रंग उडालाय असं निमित्त काढलं आणि सगळी निळी फौज डब्यात भरून आपल्या कामाच्या खोलीत नेली. आठवडाभर कवळ्या बाजूला पडून राहिल्या. कुणी बिचारे बिनदातांचे पेज पीत राहिले असतील, पण त्याला पर्वा नव्हती. प्रत्येक चकती त्यानं खालून पोखरली, आत शिशाची टिकली बसवली, वरून मेणानं तोंड बंद केलं आणि मेणावर लाकडी रंग दिला. चाळीसच्या चाळीस. टेबलाला लाथ मारली तरी एक शिपाई हलेना. दातवाला एकटाच खुशीत हसला. इतक्या हुशार माणसाला एवढं साधं सुचू नये, की आपण हे कुणाच्या हातात देतोय!

रविवारी सकाळी निरीक्षक दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. थोरलीनं चहा ठेवला आणि दारातच रेंगाळली. दातवाल्यानं निळे मांडले. निरीक्षकानं पहिला शिपाई उचलला. हात कापत होता, शिपाई हवेत डुगडुगत होता, आणि मग निरीक्षक थांबला. त्यानं तो दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा पहिल्या हातात. चकतीच्या खालून अंगठा फिरवला.

"शिसं," तो म्हणाला.

दातवाला आपल्या तांबड्यांची रांग सरळ करायला लागला.

"वर मेण. मेणावर रंग." निरीक्षकानं शिपाई खाली ठेवला. तो अर्थातच पडला नाही. "अरे, हात कापतो माझा. वजन कळायचं थांबलेलं नाही."

"मी म्हटलं, जरा बूड जड असलं तर..."

"अकरावा नियम काढ."

दातवाल्यानं वही उघडून वाचलं. जिंकण्यासाठी लबाडी केल्यास दहा शिपाई जप्त.

"जिंकण्यासाठी," निरीक्षक म्हणाला. "हरण्यासाठी कुणी करेल असं मला कधी वाटलंच नाही. त्याला नियम नाही, म्हणून शिक्षा नाही. काढ ते सगळं."

"असू दे ना रे. एवढा एक डाव."

"तीस वर्षं लोकांची खोटी वजनं जप्त केली मी. आता घरात खोटं वजन लावून जिंकू? काढ."

दातवाल्याच्या खिशात मेण कोरायची सळई कायम असायची. बसला कोरत. चाळीस टिकल्या चहाच्या बशीत पडल्या, एकेक वाजत. थोरली दारातून आत निघून गेली. तिला बघवलं नाही.

मग डाव झाला. डाव म्हणायचा म्हणून. दातवाल्यानं फासा टाकला की मुद्दाम चुकीची चाल करायची, तांबडे मागे न्यायचे, डोंगर म्हणून ठेवलेल्या पुस्तकांमागे दडवायचे. काही उपयोग नव्हता. निरीक्षक आपला शिपाई हलवायचा आणि माणसं पडायची. "दोन मेले." "चार." "सेनापती पण गेला, लिही." बावीस वर्षांत तांबड्यांनी इतका सोपा विजय कधी मिळवला नव्हता. दुपारचा एक वाजायच्या आत चाळीसही निळे आडवे पडले होते, आणि त्यातल्या एकालाही तांबड्याचा हात लागला नव्हता.

"हरलो," निरीक्षक म्हणाला. "सरक मागे. हात बांध."

"राहू दे. मी भरतो."

"नियम."

दातवाल्यानं हात बांधले. आणि तेव्हा त्याला आठवलं: हसला नाही तर विजय रद्द. विजय रद्द म्हणजे निरीक्षक हरलाच नाही. हरला नाही म्हणजे पट बंद नाही, पुढच्या रविवारी पुन्हा शर्ट, पुन्हा दाढी. त्यानं जबडा आवळला. दातांच्या धंद्यातल्या माणसाला जबडा आवळणं शिकवावं लागत नाही. हसणार नाही म्हणजे नाही, मग इथे संध्याकाळ होवो.

निरीक्षकानं फडकं घेतलं. पहिला तांबडा उचलला, तो पडला. उचलला, पुसला, डब्याशी नेईपर्यंत फळीवर पडला. पुन्हा उचलला. एकेका शिपायाला तीन तीन, चार चार खेपा. दातवाला समोर दगडासारखा बसून होता. त्याच्या हातांना नुसती खाज सुटली होती, पण हात सोडले तर नियम मोडला. तासभर झाला. डबा अर्ध्यावर होता. निरीक्षकाच्या कपाळावर घाम आला होता, शर्टाची इस्त्री मोडली होती, पण तो थांबत नव्हता, आणि दातवाल्याकडे बघतही नव्हता.

शेवटी तांबडा सेनापती राहिला. घोड्यावरचा, बत्तीशी दाखवणारा. निरीक्षकानं त्याला उभा केला, तो पडला. उभा केला, पडला. सहाव्यांदा तो घोड्यासकट नाकावर आपटला. निरीक्षकानं फडकं खाली टाकलं आणि त्या सेनापतीकडे खरोखर रागानं बघितलं.

"गाढवा," तो म्हणाला, "बावीस वर्षं तुला पाडायला धडपडलो, तर ढिम्म हलला नाहीस. आज पडतोयस, तर उचलायचा पण मीच?"

दातवाल्याला कळायच्या आत हसू फुटलं. नाकातून, तोंडातून, डोळ्यांतून फुटलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ते बाहेर आलं होतं. निरीक्षकही हसला, फार दिवसांनी, खांदे हलेपर्यंत.

मग त्याचं हसू थांबलं.

"हसलास," तो म्हणाला. "लिही."

"नाही, ते मी... तसं नाही धरायचं ते."

"लिही."

दातवाल्यानं वहीत लिहिलं: हसला, विजय कायम, पट बंद. निरीक्षकानं सेनापती सातव्यांदा उचलला, छातीशी धरून डब्यात आडवा ठेवला आणि झाकण लावलं. झाकण बसायलाही वेळ लागला. मग तो फळीचा आधार घेत पटावरून उठला.

"चला," तो म्हणाला. "तुम्ही हात धुऊन घ्या. जेवून जा."