काम : काही नाही

मालतीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद चिकटवला होता आणि त्याच्याकडे बघून ती महिनाभर आतल्या आत धुमसत होती. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी दोन फुलके, बिनतेलाची भाजी. रात्री सूप आणि काकडी. दिवसाला हजार कॅलरी. एवढ्यावर चिमणीसुद्धा हैदराबादेतल्या या चिक्कडपल्लीची हद्द ओलांडायची नाही.

हे सगळं यजमानांच्या नव्या नोकरीपायी. देशाचे दरवाजे उघडले म्हणून पेपर गर्जत होते, आणि श्रीनिवासराव वीस वर्षांची सरकारी खुर्ची सोडून फ्रिज विकणाऱ्या परदेशी कंपनीत मॅनेजर झाले होते. दिवाळीत साहेबांची पार्टी होती, जोडीनं जायची. "सहा किलो उतरलीस तर नेतो, नाही तर एकटाच जाईन," असं त्यांनी चार माणसांत सांगितलं होतं. स्वतःचं पोट पट्ट्यावरून ओघळतंय त्याचं काही नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! हिमायतनगरात नवं स्लिमिंग सेंटर निघालं होतं. तिथला फॉर्म त्यांनीच भरला, तक्ताही त्यांनीच आणला. मालतीनं फक्त खायचं नव्हतं.

चिक्कडपल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येई, तेही पहाटे आणि खालच्या मजल्यावर. त्या मंगळवारी सातवी बादली घेऊन मालती दुसरा जिना चढत होती, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. बादली गडगडत खाली गेली, मालती कठड्याला धरून बसली. वर श्रीनिवासराव दाढी करत होते. तिथूनच ओरडले, "पाणी सांडू नकोस गं!"

झालं. त्याच दुपारी ती सेंटरवर जाऊन थडकली.

तक्ता बनवणारी दीपाली पुण्याहून लग्न होऊन आलेली कोवळी पोर होती. मालतीनं कागद तिच्या टेबलावर आपटला. "हे काय माणसाचं खाणं आहे? जिन्यात पडले मी आज!"

"जिन्यात काय करत होतात?"

"काय करणार? पाणी भरत होते की! बारा बादल्या, दोन मजले. मग सासूबाईंना उचलून न्हाणीत न्यायचं, त्यांनी अंथरूण धरलंय दोन वर्षं. मग धुणं. बेगम बाजारातून दहा किलो तांदूळ कोण आणतं, मालूम आहे? परेशान झाले मी!"

दीपालीनं घाईघाईनं फॉर्म काढला आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तिनं तो मालतीपुढे सरकवला. वय, उंची, वजन, सगळं बरोबर. त्याखाली यजमानांच्या सुबक सरकारी अक्षरात लिहिलं होतं, 'काम : काही नाही. घरीच असते.'

मालतीच्या मस्तकात तिडीक उठली. वीस वर्षं! वीस वर्षांचा हिशोब या माणसानं दोन शब्दांत मिटवला होता.

"आणि तू? तू मला का नाही विचारलंस?"

"चुकलं माझं," दीपाली खालच्या आवाजात म्हणाली. "काही न करणाऱ्या माणसाचा तक्ता केला मी. तुमच्यासारख्या राबणाऱ्या शरीराला दिवसाला एकवीसशे तरी लागतात. सोळाशे खा. वजन सावकाश उतरेल, पण चक्कर येणार नाही." मग जरा थांबून तिनं विचारलं, "एक सांगा काकू, घरात उरलेलं कोण खातं?"

श्रीनिवासरावांना पानात टाकायची सवय होती. अर्धी पोळी, भाताची मूद, कधी अख्खा लाडू. अन्न टाकू नये म्हणून ते सगळं मालतीच्या पोटात जाई. सहा किलो कुठून आले ते आत्ता कळलं. ऐट त्यांची आणि चरबी तिची!

"तो फॉर्म दे इकडे," ती म्हणाली.

गुरुवारी पहाटे नळ वाजला, मालती उठली नाही. श्रीनिवासरावांनी हलवलं, तेव्हा म्हणाली, "मला कुठे काय काम आहे? घरीच असते मी."

"वेडी झालीस का? आईची आंघोळ राहिलीय, मला ऑफिस आहे!"

"हौ, म्हणून तर सांगते. बादल्या खाली आहेत."

नळ तासाभरात जाणार होता. चरफडत, लेंगा वर खोचून श्रीनिवासराव खाली उतरले. मालतीनं चहा केला, साखर घालून. दोन भाकऱ्या थापल्या, ठेच्याबरोबर सावकाश खाल्ल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती घरात सगळ्यांच्या आधी जेवली.

चौथ्या बादलीला जिन्यातला पायरव थांबला. ती बाहेर आली तर श्रीनिवासराव पायरीवर बसले होते, छाती भात्यासारखी हलत होती.

"मालती, काहीतरी खायला दे गं आधी."

तिनं फॉर्म आणि पेन त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आधी हे नीट भरा. आणि पार्टीला मी येणार आहे. आहे तशी."

त्यांनी वर पाहिलं. ती हलली नाही. मग 'काही नाही'वर काट मारून, ओल्या हातानं त्यांनी लिहिलं, 'पाणी भरणे'.

"हौ," मालती म्हणाली. "आता पुढचं लिहा."