बाइंडरचं नाक

शनिवारी दुपारी तीन वाजले की बाइंडर दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचा, शिकंज्यात दाबलेली पुस्तकं तशीच सोडायचा आणि मागच्या छोट्या गच्चीवर तीन खुर्च्या मांडायचा. एक स्वतःला, एक मास्तरांना आणि एक दातांच्या डॉक्टरबाईंना. अकरा वर्षांचा नेम होता. तिघं एकेक सिगार ओढायची आणि आठवड्यात दुसरं काही ओढलं असेल तर तेही एकमेकांना सांगायची.

मास्तर म्हणजे बाइंडरच्या बायकोचे थोरले भाऊ. उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे बोलणं मोजकं. सिगार संपला की "बरा आहे" किंवा "बरा नाही", यापलीकडे त्यांचा निकाल कधी गेला नाही. डॉक्टरबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तंबाखूवरून त्या रोग्यांना सडकून बोलायच्या आणि शनिवारी इथे येऊन स्वतः पेटवायच्या. "माझ्या दातांशी माझं बोलणं झालंय," असं त्या सांगत.

पण या बैठकीचा खरा धनी बाइंडर. त्याचं नाक विलक्षण होतं. न पेटवलेला सिगार नुसता नाकाखालून फिरवून तो सांगायचा, "याची पेटी ओलसर जागी ठेवली होती." चौकशी केली तर ते खरं निघायचं. पेटवल्यावर तर त्याला काय काय सापडे: सुरुवातीला नवं चामडं, मध्यावर भाजलेली कॉफी, शेवटी मिरी. हे सगळं तो स्वतः बांधलेल्या एका जाड वहीत लिहायचा. बाकीची दोघं त्याचं ऐकून पुन्हा झुरका घेत आणि "हो की, मिरी आहे" म्हणून मान डोलवत.

मग त्याला ताप आला. आठ दिवसांत ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला.

पहिल्या शनिवारी त्याला वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्या शनिवारी त्याने सिगार पेटवला तेव्हा तोंडात नुसता गरम धूर आला, जिभेला किंचित कडू लागला, बस्स. दोघं त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "देवदार. आणि मागून थोडी दालचिनी." दोघांनी मान डोलवली. झालं, खोटं एकदा खपलं आणि मग ते चालवणं भाग पडलं. पुढे पुढे तो शुक्रवारीच वहीची जुनी पानं चाळून ठेवू लागला. कुठल्या सिगारबद्दल आपण पूर्वी काय म्हटलं होतं ते पाठ करायचं आणि शनिवारी शब्द थोडे इकडेतिकडे करून म्हणायचं.

बैठकीचं एक वेळ निभत होतं, पण कामाचं काय? पुस्तकं चिकटवायचा सरस शिजत आला की तो वासावरून ओळखायचा, तीस वर्षं ओळखत आला होता. आता एका सकाळी सरस तळाला लागला, काळा पडला, तरी त्याला पत्ता नाही. वरच्या मजल्यावरून बायको खाली धावत आली. "अहो, घरभर घाण सुटलीय, तुम्ही पुढ्यातच बसलाय ना?"

"पुस्तकाच्या कण्याचं माप घेत होतो," तो म्हणाला.

तिने भांडं उतरवलं. खिडक्या उघडून वर निघून गेली. त्या दिवसापासून बाइंडर सरसाच्या भांड्याशेजारी घड्याळ ठेवून बसू लागला.

असे तीन महिने गेले. मग एका शनिवारी मास्तर स्वतःच्या कपाटातला सिगारचा डबा घेऊन आले. निवृत्त झाले तेव्हा कुणी तरी भेट दिलेला, जपून ठेवलेला. तिघांनी एकेक पेटवला. डॉक्टरबाईंनी पहिला झुरका घेतला आणि त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला. मास्तर खोकले. बाइंडरने मात्र डोळे मिटले, धूर तोंडात घोळवला आणि सावकाश सोडला.

"मध आहे," तो म्हणाला. "जुन्या लाकडाचा वास आहे. मास्तर, चीज झालं तुमच्या जपण्याचं."

बाइंडरने डोळे उघडले. दोघं एकमेकांकडे बघत होती. मग मास्तर घसा साफ करून म्हणाले, "हो, हो. मध आहे." आणि डॉक्टरबाईंनीही घाईघाईने मान हलवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांनी एका सिगारला दोन शब्द जास्त दिले होते. आपण काही तरी भलतंच बोललो हे बाइंडरला कळलं. काय ते मात्र कळेना.

पुढच्या शनिवारी त्याने शटर अर्ध्यावर ओढलं नाही. लग्नाच्या निमंत्रणांचं काम आलंय असा निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच निरोप.

सोमवारी डॉक्टरबाई दुकानात आल्या. हातात कव्हर निघालेलं एक जुनं पुस्तक होतं, पण ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि विसरल्या. स्टूल ओढून त्या त्याच्यासमोर बसल्या.

"मास्तरांच्या कपाटात गरम कपड्यांमध्ये तो डबा होता," त्या म्हणाल्या. "डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता. इतका, की मला मळमळलं. आणि तुम्हाला त्यात मध सापडला."

बाइंडर हाडाच्या पट्टीने कागदाची घडी दाबत राहिला. ती घडी केव्हाच बसली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तापापासून."

"आणि तुम्ही कुणालाच बोलला नाहीत? घरीसुद्धा?"

"काय बोलू? मास्तर आजही मला भावजी म्हणण्याऐवजी नाकसाहेब म्हणतात. नाकच गेलं तर तुमच्यात बसून मी काय करू? तुमच्या तोंडाकडे बघू?"

डॉक्टरबाईंनी त्याच्या हातातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "बघितलंत तर बिघडेल काय? आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडेच बघत होतो."

एवढ्यात जिन्यावर बायको उभी असल्याचं बाइंडरला दिसलं. तिने किती ऐकलं कोण जाणे. ती खाली येऊन म्हणाली, "करपलेल्या सरसाच्या दिवशीच मला कळलं होतं. म्हटलं, आपण होऊन सांगतील. मी वाट बघत बसले आणि तुम्ही घड्याळ घेऊन बसलात." तिचा आवाज रागावलेला होता, पण डोळे भरले होते. बाइंडरला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की त्याला हसूच आलं, आणि ते बघून तीही हसली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरने नळी घालून तपासलं. वास परत येईल की नाही हे त्याने छातीठोकपणे सांगितलं नाही. वेळ लागेल, म्हणाला. धूर बंद. रोज सकाळ-संध्याकाळ चार बाटल्या हुंगायच्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल आणि गुलाबपाणी. वास येवो न येवो, तो वास मनात आठवत हुंगायचं. बायकोने त्याच दिवशी बाटल्या भरून वर चिठ्ठ्या चिकटवल्या. सकाळी ती शेजारी बसून विचारायची, "काही?" तो म्हणायचा, "काही नाही." मग दोघं चहा प्यायची.

शनिवार पुन्हा सुरू झाले. ओढायचं नव्हतं म्हणून बाइंडर वारा येतो त्या अंगाला खुर्ची घेऊन वही मांडीवर ठेवायचा आणि दोघांना विचारून लिहायचा. पहिल्यांदा ते फारच अवघड गेलं.

"मास्तर, कसा आहे?"

"बरा आहे."

"ते मी लिहिणार नाही. कशासारखा आहे?"

"सिगारसारखा आहे," मास्तर वैतागून म्हणाले.

बाइंडरने पेन खाली ठेवलं नाही. तो वाट बघत राहिला. मास्तरांनी पुन्हा एक झुरका घेतला, राखेकडे बघितलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या वडिलांचं दोरखंडाचं गोदाम होतं. दुपारी त्याचं दार उघडलं की आतून जो वास यायचा, तसा. मी तिथे पोत्यांवर बसून पाढे म्हणायचो."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बाइंडरने ते शब्द जसेच्या तसे उतरवले. बायकोला संध्याकाळी वाचून दाखवले तेव्हा तिने वही हातात घेतली आणि स्वतः पुन्हा वाचलं. "दादा गोदामाबद्दल बोलला?" ती म्हणाली. "आमच्या घरात तो विषय कुणी काढत नाही. गोदाम जळालं तेव्हापासून."

त्यानंतर मास्तर बोलू लागले. भरभरून नव्हे, शनिवारी तीन-चार वाक्यं. डॉक्टरबाईंनाही आपली जीभ सापडली. एका सिगारला त्या म्हणाल्या, "हा माझ्या पहिल्या सासूबाईंसारखा आहे. सुरुवातीला तिखट आणि मग इतका प्रेमळ की निघवत नाही." वही भरत चालली. बाइंडरला गंमत वाटायची, की इतकी वर्षं आपणच "मिरी, चामडं" असं ओरडून या दोघांचं बोलणं दाबत होतो. त्याला वाईटही वाटायचं. पण आता तो नीट ऐकत होता, आणि ऐकण्यात त्याचा हातखंडा होऊ लागला होता.

बाटल्या हुंगायला लागल्यापासून पाचव्या महिन्यात एका सकाळी त्याने सरसाच्या भांड्याचं झाकण काढलं आणि मान मागे झटकली. त्याने बायकोला हाक मारली. "हा सरस नासलाय का बघ."

तिने वाकून हुंगलं. "कालच तर आणलाय. चांगला आहे."

"मला घाण वास येतोय. रबर जाळल्यासारखा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वास येतोय?"

तो मटकन स्टुलावर बसला. तिने लगबगीने बाटल्या आणल्या. लवंग, रबर. लिंबू, रबर. गुलाबपाणीसुद्धा रबर. कुठलाच घाणेरडा वास त्याला आयुष्यात इतका आवडला नव्हता. नाकाच्या डॉक्टरने सांगितलं, नसा नव्याने जोडल्या जातात तेव्हा त्या अशा चुकतात. चुकताहेत म्हणजे कामाला लागल्यात.

आणखी दोन महिन्यांनी डॉक्टरने बाइंडरला फक्त एका सिगारपुरती सूट दिली. त्या शनिवारी बायकोही गच्चीवर आली, चौथी खुर्ची मांडली गेली. बाइंडरने सिगार पेटवला. मास्तरांनी त्याच्या मांडीवरची वही काढून स्वतःकडे घेतली आणि चष्मा लावला.

"सांगा, भावजी. कशासारखा आहे?"

बाइंडरने धूर तोंडात घोळवला. डोळे मात्र उघडे ठेवले.

"जळका टायर," तो म्हणाला.

"लिहिलं. पुढे?"

त्याने दुसरा झुरका घेतला आणि धूर सावकाश सोडला. तिघंही थांबली होती, कुणी घाई केली नाही.

"टायरच आहे," तो म्हणाला. "पण त्याच्या मागे, लांब कुठे तरी, गोडसर काही तरी आहे. नाव सांगता येत नाही अजून."

"नाव नको," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं: गोडसर, लांबून.