चौतीस नंबरचे ब्लाउज

आमच्या धाकट्या बहिणीला, गोपिकाला, कायमचं मनोरुग्णांच्या इस्पितळातच ठेवायचं, असं माझ्या भावाने, रुपरावने ठरवूनच टाकलं होतं.

"शेजारच्या इंदूबाईच्या भाच्याले हाच रोग. त्याचा मेंदू आटला, तो कुठं सुधारला? हिचंही तेच."

डॉक्टरांनी गोपिकाच्या स्कॅनचा फोटो खिडकीशी धरला. "आजाराचं नाव एक असलं तरी मेंदू ज्याचा त्याचा वेगळा. हिचा आटलेला नाही."

"पण रोग तर एकच ना?"

मग मात्र मला राहवेना. "काय गा रुपराव, चौतीस नंबरचे शंभर ब्लाउज शिवले म्या. एकीचा दुसरीले बसला काय?"

रुपरावने गोपिकाची पिशवी उचलली.

घरी आल्यावर तिला ब्लाउजांना हुका लावायला बसवलं. तिचा टाका माझ्याहून बारीक आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.