सहीच्या पाच पुंगळ्या

चालेल. चालेल. हिचं तोंड चिरलंय, भंगारात. चालेल.

माझं काम एवढंच. इथे आखातात, अस्कर गावाच्या पुढे, जिथे रस्ता संपून नुसती वाळू सुरू होते, तिथे आमच्या क्लबची नेमबाजीची रेंज आहे. मेंबर लोक रायफल उडवतात, पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या खाली पडतात, त्या बादलीतून माझ्या टेबलावर येतात. धड असतील त्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरतात. धड कुठल्या, ते मी, खदिजा, सांगते. अकरा वर्षं सांगते आहे.

चालेल. ही दबलीय. भंगारात.

पुंगळी दर वेळी उडताना थोडी ताणली जाते. बुडाच्या जरा वर पितळ पातळ होत जातं. बाहेरून तिथे बारीक उजळ कडं दिसतं, आतून खाच पडते. खाच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझ्या केसांतली पिन, टोक वाकवलेली. आत सोडायची, भिंतीला टेकवून वर ओढायची. अडकली की पुंगळी संपली. तरीही ती भरून उडवली, तर बूड तुटतं आणि आग मागे येते, उडवणाऱ्याच्या गालावर. माझ्या बहिणीची फिजा दर शुक्रवारी इथे येते. आठवडाभर शहरात, सीफ भागातल्या बँकेत मान मोडते आणि शुक्रवारी रायफलीला गाल लावते. तो गाल मी तीन दिवसांचा असताना पाहिलाय.

चालेल.

गेल्या महिन्यात जयप्रकाशसाहेब मॅनेजर म्हणून आले. पुण्याचे इंजिनियर. आधी टाइल्सच्या कारखान्यात होते, हे पहिल्याच दिवशी चार वेळा कळलं. येताना पॉलिशचं मशीन घेऊन आले. सगळ्या पुंगळ्या आधी त्यात, मग माझ्याकडे. सगळ्या नवरीसारख्या नटलेल्या. उजळ कडं शोधायचं कुठे? अख्खी पुंगळीच उजळ.

"खदिजाबाई, फिनिश बघा!"

"छान आहे. शोकेसमध्ये ठेवा."

मासळीबाजारात बर्फावरचं पापलेट चमकलं की खूश होणारं, कल्ला उघडून न बघणारं गिऱ्हाईक असतं ना? तसे उभे होते, हात मागे बांधून.

"तुमचं रिजेक्शन बारा टक्के आहे. टाइल्समध्ये दोनच्या वर गेलं की आमच्याकडे मीटिंग व्हायची."

"टाइल फुटली की तोंडावर आग येते का, साहेब?"

"तो मुद्दा नाही."

"मग कुठला?"

मुद्दा त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता. तो रंगीत होता. त्यांनी माझ्या पिनेचाही फोटो काढला आणि विचारलं, ऑडिटला हे दाखवू? मी म्हटलं, दाखवा, फक्त परत आणून द्या, केस सुटतात.

भंगारात. चालेल. चालेल.

काल, गुरुवारी, माझा भंगाराचा डबा रिकामा दिसला. महिन्याभरात मी बाजूला काढलेल्या चाळीस पुंगळ्या त्यात होत्या. साहेबांनी त्या पॉलिश करून आजच्या ट्रेमध्ये मिसळल्या होत्या. आजचा ट्रे महिलांच्या सरावाचा. शंभर पुंगळ्या. साठ माझ्या, चाळीस त्यांच्या, आणि शंभरच्या शंभर एकसारख्या.

"मी स्वतः तपासल्यात," साहेब म्हणाले.

"कशानं?"

"नजरेनं. ट्रेच्या तपासणी कार्डावर सही करा."

"नाही करत."

"व्हिसा क्लबचा आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. गाल माझ्या भाचीचा आहे, तेही आहे."

"मग उद्यापासून हे टेबल दुसऱ्याला देतो." आणि कार्डावर त्यांनी स्वतःच सही ठोकली. लांबलचक, खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं.

आज सकाळी राहीलने कार्ड वाचलं. राहील रेंजचा अधिकारी, मूळ म्हसळ्याचा, जन्म इथला. त्याने कार्ड वाचलं, साहेबांकडे पाहिलं, परत कार्ड वाचलं.

"यल्ला साहेब, चला, पाच निवडा."

"कसल्या पाच?"

"पुंगळ्या. ट्रेवर ज्याची सही, त्याने त्यातल्या पाच निवडायच्या, समोर भरून घ्यायच्या आणि स्वतः उडवायच्या. मग बाकीचा ट्रे भरायचा. तुमच्या आधीचे मॅनेजर तौकीरभाई, त्यांच्या वेळचा नियम. खदिजाखाला दर शुक्रवारी उडवते."

"असा काही लेखी नियम नाही."

"भिंतीवर आहे. तुम्ही फिनिशचं पोस्टर लावलंत ना, त्याच्या मागे."

फिजा कानावरचे मफ गळ्यात उतरवून ऐकत होती. मागे आणखी चार बायका.

"मला सीफला मीटिंग आहे," साहेब म्हणाले.

"शुक्रवारी?" फिजाने विचारलं.

साहेब बसले. एक पुंगळी उचलली, उजेडात धरली, ठेवली. दुसरी उचलली. सगळ्या चमकत होत्या. त्यांनीच चमकवल्या होत्या.

"खदिजाबाई, यातल्या तुमच्या कुठल्या?"

"मला काय कळणार, साहेब? फिनिश बघा."

कुणीतरी हसलं. साहेबांच्या कपाळावर घाम, आणि एसी माझ्या हाडांत शिरलेला. मग हळू आवाजात:

"जरा ती पिन द्या."

केसांतून काढून दिली.

"टोक वाकडं झालंय."

"वाकवलंय."

पहिल्या पुंगळीतून पिन सरळ वर आली. दुसरीत पिन अडकली. त्यांनी परत ओढली, परत अडकली.

"चालेल?" मी विचारलं.

साहेबांनी पुंगळी डब्यात टाकली. टण्ण. पुढची चांगली. पुढची टण्ण. नऊ पुंगळ्या उलथ्यापालथ्या केल्यावर पाच मिळाल्या. त्या हातरुमालावर ओळीने मांडल्या आणि साहेब उठले.

"या भरा. उडवतो मी. मग बाकीचा ट्रे घ्या."

फिजा पुढे आली.

"अंकल, तुमच्या पाच तुम्ही पिनेनं बघितल्या. बाकीच्या एक्क्याण्णव मी काय, फिनिश बघून उडवू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. गालाकडे पाहिलं असेल. मला बाजूने दिसत नव्हतं.

"नऊपैकी चार गेल्या," मी म्हटलं. "टक्के किती झाले? मला येत नाहीत, तुम्ही इंजिनियर."

राहीलने कार्ड पुढे धरलं. साहेबांनी आपल्या सहीवर काट मारली. खालच्या दोन रेघा, दोन टिंबं तशीच राहिली. आणि बाहेर निघाले.

"साहेब."

वळले.

"पिन."

आता ट्रे परत माझ्या टेबलावर. पोस्टर राहीलने उतरवलंय. फिजा समोरच्या स्टुलावर चहा पितेय, घाई नाही म्हणते. साहेबांच्या निवडक पाचही मी परत बघतेय.

चालेल. चालेल. चालेल. चालेल.

पाचवी... थांब. परत ओढते.

भंगारात.