रिकाम्यावर बारा व्होल्ट

दूधमंडळीच्या, म्हणजे गावच्या दूध सोसायटीच्या, फळ्यावर खडूनं नाव लिहिलं होतं. चौधरी रईबेन, पाणी बावीस टक्के, दूध परत. खाली रेघ आणि रेघेखाली मंत्र्याची सही. फळ्यावर सही करतं का कोणी? पण वीरसंगभाई करतो. आमच्या इकडे दूधमंडळीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात, आणि हा गडी ते गांधीनगरच्या मंत्र्याइतकं मनावर घेऊन बसलाय.

माझं टाळकंच सरकलं. मी लवजी पंचाल. मंडळीच्या समोर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे येईल ते मी उघडतो. रईमासी काही माझी सख्खी मावशी नव्हे, पण तिच्या म्हशीचं दूध वीस वर्षं आमच्या घरात येतंय. त्याचं दही लावलं आणि भांडं उपडं केलं तरी हलायचं नाही. ही बाई दुधात पाणी घालणार? साठी उलटली, सकाळ-संध्याकाळ कालव्यापलीकडून डोक्यावर किटली घेऊन चालत येते. पाणी घालायचंच असतं तर कालव्यातच किटली बुडवून मोकळी झाली असती की!

मी रस्ता ओलांडून गेलो. "वीरसंगभाई, हे काय मांडलंय?"

"मी नाही मांडलं, मशीननं मांडलंय," तो वहीतून मान वर न करता म्हणाला. "मशीनला नातीगोती नसतात, लवजी."

"नातं नसतं, पण त्याला वीज देणारा डबा असतो ना? तो तपासलास?"

"डब्याला कंपनीचं सील आहे. हात लावलास तर तुझंही नाव फळ्यावर चढवीन. आणि ऐकून ठेव, हे दुसऱ्यांदा झालंय. तिसऱ्यांदा दूध परत गेलं की सभासदत्व रद्द. गुरुवारी कमिटी बसतेय."

तो दिवस सोमवार होता. गावात दुसरी मंडळी नाही. आणि दुधाचं सोडा, एकदा का दुधात पाणी घालणारी म्हणून नाव झालं की बाईनं गावात तोंड कुठे दाखवायचं? रईमासी एका बाजूला उभी होती, पदर पुढे ओढून. एरवी बोलणाऱ्या सगळ्या बाया त्या दिवशी आपापली फॅटची चिठ्ठी पदरात घेऊन चालत्या झाल्या.

संध्याकाळी मी दुकान सोडून रांगेपाशीच उभा राहिलो. प्रत्येकाची फॅट विचारली. पहिल्याला सात, दहाव्याला पावणेसात, विसाव्याला सहा. जेठीबेन शेवटून दुसरी. तिला विचारलं तर म्हणाली, "जा ना भाई, तुला काय करायचंय?" मी तिच्या हातातली चिठ्ठी हिसकावूनच घेतली. साडेपाच! नेहमी सातला टेकणारी बाई, लाजेनं बोलत नव्हती. आणि सगळ्यांच्या मागे, लांबून येते म्हणून कायम शेवटची, रईमासी. तिला पाच, दूध परत जाता जाता वाचलं. रांगेच्या डोक्याला मलई आणि शेपटाला पाणी! म्हशींना काय कळतं का रांग कुठे संपते ते?

म्हणजे दोष दुधात नव्हताच. मशीन दूध तपासायच्या आधी ते तापवतं, त्याला पुरे बारा व्होल्ट लागतात. मंडळीचा स्वस्तातला डबा तासभर चालला की तापून धापा टाकत असणार. मग दूध कोमट राहतं आणि आकडा कोसळतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे मी वीरसंगभाईला सांगितलं तर तो खो खो हसला. "मग आण ना तुझा डबा! सगळ्यांसमोर लाव. दूध का दूध, पाणी का पाणी होऊन जाऊ दे."

माझ्या टेबलावरचा सप्लाय दोन अँपियरलाच रडतो, त्या मशीनला तीन लागतात. म्हणून मंगळवारी सकाळी माळ्यावरून शाळेच्या भंगारातला कॉम्प्युटर काढला. त्याच्या पोटात वीज पुरवणारा पत्र्याचा डबा असतो, पंखावाला. आम्ही त्याला एसएमपीएस म्हणतो. त्यातून तीन-चार तऱ्हेचे व्होल्ट निघतात, फक्त ते माणसाच्या हाती लागतील असे बाहेर काढायचे. झुरळं झाडली. आतल्या कपॅसिटरांतली वीज उतरवली, नाहीतर बंद डबासुद्धा खेचरासारखी लाथ मारतो. प्लग सगळे छाटून टाकले, तारांची रंगाप्रमाणे जुडी बांधली: पिवळ्या बारा व्होल्टच्या, लाल पाचच्या, काळ्या परतीच्या. हिरवी एकटीच असते, ती काळीला भिडवली की डबा जागा होतो, म्हणून तिथे बटण बसवलं. पत्र्याला भोकं पाडून जुन्या अँप्लिफायरचे टर्मिनल लावले. मग मीटर लावला. बारा पूर्णांक शून्य तीन! अहो, अगरबत्तीच ओवाळायची बाकी ठेवली होती मी.

संध्याकाळी तो डबा काखेत मारून गेलो. मीटरसुद्धा बरोबर घेतला नाही, एवढी मिजास. रांग संपली, रईमासीची पाळी आली, पण एकही माणूस घरी गेला नव्हता. आधी मंडळीच्या डब्यावर: चार पूर्णांक आठ. "आता बघा!" मी म्हणालो, तारा बदलल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. मशीननं त्याच किटलीतलं दूध ओढलं, घरघरलं, आणि आकडा आला.

चार पूर्णांक दोन. पाणी एकतीस टक्के.

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. "लवजी," वीरसंगभाई डोळे पुसत म्हणाला, "तुझा डबा तर माझ्यापेक्षा कडक निघाला रे! घ्या लिहून, तिसऱ्यांदा परत."

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी रईमासीजवळ गेलो, वाकलो आणि हळूच विचारलं, "मासी, मला खरं सांग. मी कोणाला नाही सांगणार. घातलं होतंस का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग किटलीचं झाकण लावलं, किटली डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

रात्रभर मी सगळ्यांच्या नावानं बोटं मोडली. वीरसंगच्या, त्या मशीनच्या, हसणाऱ्यांच्या. आणि खोटं कशाला बोलू, रईमासीच्यासुद्धा. हिच्यापायी चारचौघांत माझं नाक कापलं गेलं, असंच मनात येत होतं.

बुधवारी दुपारी तो डबा हातोड्यानं ठेचायलाच घेतला होता. पण ठेचण्याआधी पिवळ्या तारेला मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याचा बल्ब लावला, कशासाठी ते मलाही माहीत नाही. मीटर जोडलेलाच होता. बल्ब पेटला आणि बारावरचा आकडा खाली आला. अकराच्याही खाली. दहा पूर्णांक सहा.

मी हातोडा खाली ठेवला. विसनगरला काम शिकताना माझ्या उस्तादानं पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं: लाल तारेवर ओझं टाक, मग पिवळीचा भरवसा धर. हा डबा एकाच नजरेनं दोघींकडे बघतो. कॉम्प्युटरमध्ये लालला सतत काम असतं. इथे मी लालला रिकामी सोडली होती. ती फुगून बसली आणि डब्याला वाटलं, सगळं ठीक आहे, मग पिवळी उपाशी मेली. आणि मी काय तपासलं होतं? रिकाम्यावर बारा! रिकामी गाडी तर शेंबडं पोरही ओढतं.

पांढऱ्या विटेसारखा एक जाडा रेझिस्टर शोधला, लाल आणि काळ्या तारेच्या मध्ये जोडला, तापतो म्हणून पंख्यासमोर पत्र्याला आवळला. पुन्हा बल्ब लावला, या वेळी दोन. अकरा पूर्णांक नऊ. दहा मिनिटं पेटवून ठेवले, आकडा तसूभर हलला नाही.

मग कालव्यापलीकडे गेलो. रईमासी म्हशीपुढे चारा टाकत होती. "मासी, चल. माझीच चूक होती. आज येशील ना?"

"उद्या कमिटी आहे," ती म्हणाली. "आले नाही तर म्हणतील, भ्यायली." एवढंच. वाटेत मी बोलत राहिलो, ती ऐकत राहिली की नाही कोण जाणे.

त्या संध्याकाळी मंडळीच्या डब्यानं तिला चार पूर्णांक नऊ दिले. मी माझा लावला. सात पूर्णांक दोन, पाणी शून्य. "पुन्हा!" वीरसंगभाई ओरडला. सात दोन. तिसऱ्यांदा स्वतःच्या हातानं दूध ओतलं त्यानं. सात पूर्णांक एक. जेठीबेन धक्के मारत पुढे आली, "माझंही लावा रे मेल्यांनो!" तिला सात लागली तशी ती मोठ्यानं रडायलाच लागली. आता सील-बील कोणी विचारलं नाही. मंडळीचा डबा पुन्हा मशीनला जोडला आणि मशीन चालू असतानाच मी त्याला मीटर लावला. पावणेअकरा व्होल्ट.

वीरसंगभाईनं स्वतःच्या रुमालानं फळा पुसला. सही आधी पुसली.

पण मी काय तेवढ्यावर सोडतो! तीन दिवसांचं साठलं होतं. "वीस-वीस वर्षं दूध घालणाऱ्या बाईला चोर ठरवलंत? माणूस समोर उभं असताना एका डब्याचं खरं मानलंत? जीभ कशी झडली नाही रे तुमची? लाज वाटायला हवी, लाज!" माझा आवाज बस-स्टँडपर्यंत जात असणार. माना खाली गेल्या. वीरसंगभाई हात जोडून म्हणाला, "चुकलं, रईबेन."

रईमासी नळावर किटली विसळत होती. "असू दे," ती त्याला म्हणाली. "तू मशीन वाचलंस. माझं दूध तुझ्या घरी कधी आलेलंच नाही." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "पण लवजी, तू का विचारलंस, घातलं होतंस का म्हणून?"

"मासी, तो आकडा..."

"आकडा होता, ते मीही ऐकलं. तू मला का विचारलंस?"

मघापासून गाव डोक्यावर घेतलेला मी आता मीटरच्या तारा गुंडाळत बसलो. रांग कधीच संपली होती, कोणालाही घाई नव्हती. रईमासी रिकामी किटली हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.