ओव्यावरची रेघ

प्रोफेसर लुद्विक वात्सुलीन यांचं कौतुक पेपरात छापून आलं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, आणि कौतुक त्यांचं नव्हतंच.

मोराविया या चेक प्रांतातल्या त्यांच्या गावात शाळामास्तरालाही प्रोफेसरच म्हणत, त्यामुळे फुकटचा मान पचवायची त्यांना सवय होती. सिद्धांत मांडला होता प्रागला शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, लिदानं. चेक बाईच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागतो आणि त्यातल्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक रेघ. रेघ असली तर 'वात्सुलीनोवा' म्हणजे ती बाई. रेघ गळली की अर्थ होतो 'वात्सुलीन नावाच्या पुरुषाचा'. छापखान्यात नेमकी तीच गळली आणि लेकीचा सिद्धांत बापाचा झाला. मराठी घरात ओवा पोटदुखीवर देतात. या ओव्यानं गावातल्या बाकीच्या मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

चूक सांगायचीच, असं ठरवून वात्सुलीन गुत्त्यात गेले. पण मालकानं आधीच बिअरचा मग पुढ्यात ठेवलेला, आणि भरल्या मगासमोर खरं बोलणं त्यांना जमेना. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी गाठलं.

"नामवंत चेक गणितज्ञांच्या फळ्यावर लेर्ख यांच्या खाली जागा आहे, प्रोफेसर. शनिवारी तुमचं नाव रंगवतोय."

"एवढं कशाला," ते पुटपुटले. नको मात्र म्हणाले नाहीत. त्या फळ्याखालून ते तीस वर्षं वर बघत गेले होते.

घरी त्यांच्या पत्नी ओतिलीबाई कोबी चिरत होत्या. "या, नामवंत. हात धुवा आणि जेवायला बसा. लिदाही येतेय शनिवारी. स्वतःचा सिद्धांत बापाच्या नावावर बघून पोरगी अगदी धन्य होईल."

वात्सुलीननी ताट बाजूला सरकवलं. लाज वाटली, सरळ लाज.

शनिवारी सभागृह भरलं. लिदा पहिल्या बाकावर, मांडीवर पेपरची घडी आणि सिद्धांताची वही. हेडमास्तर म्हणाले, "सिद्धांत थोडक्यात समजावून सांगा, प्रोफेसर."

वात्सुलीननी खडू उचलला आणि परत ठेवला.

"सिद्धांत माझा नाही. लिदाचा आहे. पेपरात रेघ गळली आणि मी तोंड शिवून बसलो. समजावणार काय, मला तो कळलेलाच नाही."

लिदाचे डोळे भरले होते; आवाज मात्र आईवर गेलेला.

"कुठल्या पानापर्यंत कळला, बाबा?"

"शीर्षकापर्यंत."

पोरं फिदीफिदी हसली. हेडमास्तर रंगाऱ्याला शोधायला धावले. लिदानं बाकावर सरकून जागा केली. "या, बसा. पान एकपासून सुरू करू. अडलं की लगेच विचारायचं, मान डोलवायची नाही."

प्रोफेसर टोपी काढून लेकीशेजारी बसले आणि पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला.