मोठ्या बाईंवर कोण विश्वास ठेवणार?

माझी सून शाळेत मुख्याध्यापिका. जग तिला मोठ्या बाई म्हणतं. घरात मोठी बाई मीच, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात तिने पालकांना हॉलमध्ये बसवून बजावलं, "माझ्या मोबाइलवरून येईल तोच निरोप खरा. दुसऱ्या नंबरवरून कोणी माझं नाव सांगितलं तर फोन आपटा. आजकाल आवाजही चोरतात." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आज दुपारी तिच्या नंबरवरून निरोप आला, 'सहा आकड्यांचा कोड येईल, तो लगेच मला पाठवा.' कोड आलाही. मी चष्मा लावून एकेक आकडा जुळवत होते, तोच अनोळखी नंबरवरून फोन.

"आई, काही पाठवू नका! माझा नंबर चोराच्या हातात गेलाय. मी शाळेच्या फोनवरून बोलतेय."

"चोराच्या उलट्या बोंबा! ठेव फोन, भवाने!"

पुन्हा फोन. "आई, मीच आहे हो."

"मग सांग, सकाळी जाताना मला काय म्हणालीस?"

ती घुटमळली. "तुमच्या जिभेला हाड नाही, म्हणाले."

हे मला ऐकवायची छाती दुसऱ्या कोणाची? तीच होती. मी चपला सरकवल्या आणि शाळा गाठली.

ऑफिसात सून पांढरीफटक. ती आणि क्लार्क पालकांना फोन लावत होते आणि पालक आपटत होते. एका बापाने तर वर ऐकवलं, "मोठ्या बाईंनीच सांगितलंय, असल्यांना थारा देऊ नका!" तिकडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चोर तिच्या नावाने कोड मागतच होता. कोड गेला की चोर त्या घराच्या नावाने बोलणार. आणि शाळेची रीत अशी, की आईचा निरोप आला की पोर न्यायला आलेल्या मामा-काकांच्या हाती द्यायचं.

"फाटक बंद केलंय," क्लार्क म्हणाला.

"आज केलंस. उद्या?" मी सुनेकडे वळले. "तुझ्यावर नाही, पण पोटच्या पोरावर तर विश्वास ठेवतील? आण मुलांना."

मुलं रांगेने फोनपाशी आली. खूण म्हणून घरातलं काहीतरी सांगायचं. "आई, मीच आहे. बाबा बाथरूममध्ये रडतात ना, मॅच हरल्यावर?" घराघरांतली अंडीपिल्ली बाहेर पडली, पण पालक ऐकायला लागले. मग सून फोन घेऊन सांगायची, "तांत्रिक अडचण आहे, कोड देऊ नका."

एका मुलीने फोन कानाला लावला आणि तिचा चेहराच उतरला. "आई म्हणते, मघाशीच पाठवला."

सुनेने फोन घेतला. पलीकडची बाई हुंदके देत होती. सून माझ्याकडे बघेना, क्लार्ककडे बघेना. ओठ चावून म्हणाली, "ताई, रडू नका. वरच्या ऑफिसचा निरोप समजून कोड आधी मीच दिला. मी फसले."

पलीकडचे हुंदके थांबले. मग आवाज आला, ऑफिसभर ऐकू जाईल असा, "तुम्हीसुद्धा? मग सांगते बाई, माझ्या जावेनेही दिलाय. सासूला कळेल म्हणून गप्प बसलो होतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का!

सुनेने जावेचा नंबर उतरवून घेतला आणि क्लार्कला म्हणाली, "ज्यांना फोन झालेत, त्यांना पुन्हा लावा. तांत्रिक अडचण वगैरे नाही. आधी मी फसले ते सांगायचं, मग विचारायचं, तुमच्याकडून कोड गेलाय का."